खोटी दवंडी

मी एक ढोल आहे. मिरवणुकीतला नाही, नाचगाण्यातला नाही. दवंडीचा ढोल. माझ्या आवाजावर आजवर कुणी ठेका धरला नाही. मी वाजलो की लोक हातातलं काम टाकून खिडकीशी यायचे आणि म्हणायचे, "आता काय झालं बाई?"

वादळात पडलेल्या एका झाडाच्या बुंध्यातून मला कोरलं. कोरणारा माझा पहिला मालक. त्यानं आतलं लाकूड तासून तासून काढलं, वर शेळीचं कातडं ताणून बसवलं, दोऱ्या आवळल्या आणि पहिली थाप मारली तेव्हा त्याची बायको घरातून ओरडली, "पुरे! तान्हं झोपलंय!" ते तान्हं पुढे माझा दुसरा मालक झालं. माझं आयुष्य खरं त्याच्याबरोबरच गेलं. आता तो म्हातारा झालाय, म्हणून मी त्याला म्हाताराच म्हणतो.

तरुणपणी त्याचा आवाज असा होता की नदीच्या पलीकडे कपडे धुणाऱ्या बायका मान वर करायच्या. कचेरीतून निरोप यायचा आणि आम्ही दोघं निघायचो. मूल हरवलं तर घाईचा ठोका. कुणी गेलं तर दोन संथ थापा आणि मध्ये मोठी शांतता. सरकारी हुकूम असेल तर लांबलचक घरघर. लोक नुसत्या ठोक्यावरून ओळखायचे की धावायचं आहे, रडायचं आहे की कपाळाला हात लावायचा आहे.

त्याची एक सवय होती. दवंडी देऊन तो तसाच पुढे जायचा नाही. प्रत्येक दारापुढे थांबायचा. आतून कुणीतरी "ऐकलं" म्हटल्याशिवाय पाय उचलायचा नाही. एका गल्लीत दोन घरं बहिऱ्या माणसांची होती. तिथं तो आत वाकून त्यांच्या खांद्याला हात लावायचा, बोटांनी खुणा करून सांगायचा आणि त्यांनी मान डोलावली की मगच वळायचा.

एवढं करूनही त्याला कुणी "बस" म्हटलं नाही. वाईट बातमी आणणाऱ्याला कोण बसायला सांगणार? लोक ऐकायचे आणि दार लावून घ्यायचे. त्याला त्याचं काही वाटत नसे. घरी आला की बायकोला अभिमानानं सांगायचा, "मी बोललो नसतो ना, तर या लोकांना आपल्या पायाखाली काय जळतंय तेसुद्धा कळलं नसतं."

त्याला दोन मुलं. थोरला मुलगा आणि त्याच्यापेक्षा बरीच लहान मुलगी. मुलीला सगळे चिमी म्हणायचे आणि चिमी त्याला दादा म्हणायची. दादाला मात्र शाळेत दुसरंच नाव पडलं होतं. ढबढब. तो वर्गात शिरला की मागच्या बाकावरची पोरं बाकावर थापा मारायची. "ऐका हो ऐका, ढबढब आले!" एकदा मास्तरांनाही हसू आवरलं नाही. त्या दिवशी घरी येऊन दादानं मला लाथ मारली. म्हाताऱ्यानं पाहिलं, पण त्याला रागावला नाही. माझी दोरी सैल झाली होती, ती फक्त पुन्हा आवळली.

मग तो हुकूम आला. नदीकाठची सगळी घरं पाडायची. तिथं बांध होणार होता. नदीकाठची म्हणजे आमचीच गल्ली.

कचेरीतला माणूस म्हणाला, "तुला नको असेल तर दुसऱ्याला पाठवतो."

म्हातारा म्हणाला, "मीच जातो."

चिमीला खांद्यावर घेऊन तो निघाला. ती त्याच्या डोक्याला धरून खिदळत होती, माझ्या घरघरीबरोबर डोलत होती. दादा मागून चालत होता, मान खाली घालून. दारोदार तेच. "ऐका हो ऐका! नदीकाठच्या वस्तीला कळवण्यात येतं, घरं पाडायची आहेत. परवा सकाळपर्यंत सामान काढा!" कुणी शिव्या दिल्या. एका म्हातारीनं त्याच्या सदऱ्याला धरून विचारलं, "तू आमचाच ना रे?" तो "ऐकलं" येईपर्यंत उभा राहायचा आणि पुढे सरकायचा.

शेवटचं घर आमचं. दारात त्याची बायको उभी होती, पिठाचे हात घेऊन. मला वाटलं, इथं तरी तो मला खाली ठेवेल. त्यानं ठेवलं नाही. परक्याच्या दारात वाजवावं तशी पूर्ण घरघर वाजवली आणि शब्दन् शब्द उच्चारला. बायकोनं ऐकून घेतलं. मग अगदी हळू म्हणाली, "ऐकलं."

दादा तेव्हा त्या दोघांच्या मध्ये उभा होता.

आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलो. थंडी कडक पडली आणि त्या थंडीत ती माउली छातीचं दुखणं होऊन गेली. दादानं त्याचा सरळ हिशोब केला. बापानं ढोल वाजवला, घर पडलं, आई गेली. चिमीच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. तिला आठवतो फक्त बापाचा खांदा आणि खालून येणारी घरघर. एकाच गोष्टीची दोन टोकं दोघांच्या हातात राहिली. पुढची सगळी भांडणं तिथूनच आली.

एकदा, मोठा झाल्यावर, दादा बापाला म्हणालाच, "दुसऱ्या कुणाला जाऊ द्यायचं होतं."

"दुसरा आला असता तर एकदा ओरडून निघून गेला असता. त्या दोन बहिऱ्यांना कुणी सांगितलं असतं? अंगावर भिंत पडेपर्यंत ते बसून राहिले असते."

दादाला ते पटलं नाही.

पुढे खांबाखांबांवर कर्णे लागले आणि आम्हा दोघांचं काम संपलं. दादा कवळ्या बनवायला शिकला. एका दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत तो दिवसभर बसतो आणि लोकांचे खोटे दात घासून गुळगुळीत करतो. नखांत कायम साच्यांचा पांढरा चुना. त्यानं इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं, लग्न केलं. सून बसस्थानकाच्या तिकीटखिडकीवर बसते. काचेच्या भोकातून बोलायची सवय, त्यामुळे घरातही थोडक्यात आणि मोठ्यानं बोलते. म्हाताऱ्याच्या खोलीतल्या कपाटावर माझी सोय झाली. सून माझ्यावर उशांचे अभ्रे वाळत टाकायची. दादानं मला इतक्या वर्षांत कधी हात लावला नाही. कपाट पुसायचा तेव्हा फडकं माझ्यापाशी आणून थांबवायचा.

चिमी नाटकमंडळीत गेली. तालवाद्यं वाजवते, कार्यक्रम बसवते. एका रविवारी दुपारी ती आली, खुर्चीवर चढून तिनं मला खाली काढलं आणि मांडीवर घेऊन माझ्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"दादा, हे असं अभ्र्यांखाली ठेवतात का रे? हा आपला वारसा आहे."

"वारसा?" दादा जेवता जेवता थांबला. "तुझा असेल. मला वारशात ढबढब मिळालं."

"मला कार्यक्रमात बाबांची दवंडी हवी आहे. खरी. ती येणारा दुसरा माणूस उरला नाहीये. एकदाच लोकांसमोर होऊ दे. जे लोक दार लावून घ्यायचे ना, ते तिकीट काढून बसतील आणि टाळ्या वाजवतील."

"टाळ्या कशाला? चिमे, त्यांचं डोकं ठिकाणावर नसतं आता. काल चष्मा फ्रीजमध्ये ठेवला. परवा आई कुठे गेली म्हणून विचारत होते."

"मग हे बघ," असं म्हणून तिनं मला म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवलं.

म्हाताऱ्यानं माझ्या कातडीवर तळवा फिरवला आणि वाजवायला लागला. एक ठोका चुकला नाही. मला किती आनंद झाला ते काय सांगू! चिमीच्या डोळ्यांत पाणी आलं. सून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"हात शाबूत आहेत गं त्यांचे," दादा म्हणाला. "मी डोक्याबद्दल बोलतोय."

पण म्हाताऱ्यानं उठून केस विंचरले आणि म्हणाला, "कधी निघायचं?" त्याच्यापुढे दादाचं काही चाललं नाही.

कार्यक्रम संध्याकाळचा होता. सभागृह गच्च भरलं होतं. दादा आणि सून कडेच्या खुर्च्यांवर बसले. मंचावर चिमीनं बापाचा हात धरून त्याला मधोमध आणलं आणि त्याच्या कानाशी म्हणाली, "बाबा, हरवलेल्या मुलाची दवंडी."

त्यानं घाईचा ठोका सुरू केला. छान चाललं होतं. मग त्यानं समोर पाहिलं. अंधारात ओळीनं बसलेले चेहरे, सगळे त्याच्याकडे बघणारे, कुणी हलत नाही. माझ्या कातडीवर त्याची बोटं क्षणभर थांबली. आणि पुन्हा सुरू झाली ती लांबलचक घरघर.

"ऐका हो ऐका! नदीकाठच्या वस्तीला कळवण्यात येतं..."

मला ओरडून सांगावंसं वाटलं, थांब, हे नाही! पण ढोल आपल्या मनानं गप्प बसू शकत नाही. तो मारील तसा मी वाजत राहिलो.

दवंडी संपली. टाळ्यांचा कडकडाट झाला. म्हातारा उभाच. तो "ऐकलं"ची वाट बघत होता. ते येईना, म्हणून त्यानं पुन्हा सगळं म्हटलं, जास्त मोठ्यानं. पुन्हा टाळ्या. तिसऱ्यांदा त्याचा आवाज फाटला. "अहो, घरं पडणार आहेत! ऐका ना!" लोक वाहवा करत होते. चिमी आधी हसत होती. मग तिचा चेहरा पांढरा पडला. ती "बाबा, पुरे" म्हणत त्याचा हात धरायला गेली, तर त्यानं तो झिडकारला.

तेवढ्यात बाजूच्या पायऱ्यांवरून दादा वर आला. बापासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "ऐकलं."

म्हाताऱ्यानं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी."

"त्या दोघा बहिऱ्यांनी?"

"त्यांनीपण. मी हाताला धरून सांगितलं."

"आणि आमच्या घरी?"

"सांगितलं."

"ती काय म्हणाली?"

"ऐकलं म्हणाली."

म्हाताऱ्यानं मला खाली टेकवलं. सभागृह उठून उभं राहिलं होतं. लोकांना तो बसवलेला प्रवेश वाटला. दुसऱ्या दिवशी संयोजकांचा चिमीला फोन आला, की तो शेवटचा बापलेकाचा भाग पुढच्या प्रयोगातही ठेवा. तिनं फोन आपटला. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

त्या दिवसापासून म्हातारा हुकमातच अडकला. सकाळी उठला की सामान बांधायचा. चादरीत भांडी, भांड्यांत मोजे, मोज्यांत औषधाच्या पट्ट्या. गाठोडं घेऊन दाराशी बसायचा. पाडापाडीत लोक दारं-खिडक्याही काढून नेतात, म्हणून त्यानं एकदा बाथरूमच्या दाराचे स्क्रू काढले आणि दार सुनेच्या अंगावर आलं. ताट समोर ठेवलं तर म्हणायचा, "आता जेवायला वेळ आहे का?" एकदा गाठोड्यासकट जिन्यावरून घसरला आणि कपाळावर खोक पडली.

दादानं त्याला किती परीनं सांगितलं. शेवटी एकदा ओरडला, "बाबा, ते घर केव्हाच पडलं! आई केव्हाच गेली!"

म्हाताऱ्यानं ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. थोड्या वेळानं विसरला आणि पुन्हा गाठोडं बांधायला बसला. खरं सांगून काही उपयोग नव्हता. खरं त्याला रोज नव्यानं मारत होतं. दादा भिंतीला डोकं टेकून उभा राहिला. सून म्हणाली, "अहो, असं किती दिवस? जीव जाईल त्यांचा. तुमचा आधी जाईल."

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या म्हाताऱ्यानं मोज्यांत बांधून ठेवल्या. चिमी येईनाशी झाली. फोन करायची, दादानं उचलला की नुसती रडायची.

एका संध्याकाळी दादा कामावरून आला. म्हातारा दाराशी, ताट तसंच. दादा खोलीत गेला, खुर्चीवर चढला आणि त्यानं मला खाली काढलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचे हात मला लागले. लाथेनंतर पहिल्यांदा, असं म्हणा हवं तर. मी घाबरलो. वाटलं, आता खिडकीतून खाली. पण त्यानं पट्टा गळ्यात अडकवला. पट्टा त्याला आखूड होत होता, मी छातीशी चिकटलो. त्याचं काळीज माझ्यापेक्षा जोरात वाजत होतं.

तो जिन्याच्या मोकळ्या जागेत गेला, दार ओढून घेतलं आणि मला बडवलं. बडवलंच, दुसरा शब्द नाही. मग आपल्या बापाच्या सुरात ओरडला, "ऐका हो ऐका! नदीकाठच्या वस्तीला कळवण्यात येतं, घरं पाडायची नाहीत! हुकूम मागे घेतला आहे! ज्यानं त्यानं आपलं सामान आत न्यावं!"

शेजारची दारं उघडली. समोरच्या बाई पार गोंधळून बघत राहिल्या. दादा आमच्या दाराला कान लावून उभा राहिला. मग आतून म्हाताऱ्याचा आवाज आला, "ऐकलं."

दादा दार उघडून आत गेला. म्हातारा गाठोडं सोडत होता. भांडी एकेक करून सुनेच्या हातात देत म्हणाला, "पोरी, कळलं का? नाही पाडणार. काय आहे जेवायला?"

तो जेवला आणि झोपला. दादा ताटाशी बसून राहिला. त्याच्या तोंडात घास फिरत होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गाठोडं. म्हणून संध्याकाळी पुन्हा दवंडी. मग रोजच. कामावरून यायचं, चुन्याचे हात धुवायचे, मला गळ्यात घालायचं. ज्यानं मला कधी पुसलं नाही, तो आता माझी कातडी शेगडीवर शेकून घ्यायला शिकला, दोऱ्या आवळायला शिकला. समोरच्या बाईंना सुनेनं एका वाक्यात सगळं सांगितलं. तेव्हापासून त्याही दारात येऊन गंभीर चेहऱ्यानं "ऐकलं" म्हणायला लागल्या. मी जन्मभर खरं बोललो आणि त्यापायी लोकांनी आमच्या तोंडावर दारं लावली. आता रोज धडधडीत खोटं बोलत होतो आणि एक माणूस त्यावर जगत होता.

आणि परवा मी फाटलो. थाप पडली आणि मधोमध चर्र झालं. शब्द पूर्ण झाले, पण आवाज फुटका होता. म्हातारा आतून म्हणाला, "हा कोण वाजवतोय?" आणि त्यानं गाठोडं सोडलं नाही. काल दादानं कुणाचा तरी दुसरा ढोल आणला. म्हातारा ऐकून म्हणाला, "हा सरकारी ढोल नाही. फसवतायत." कालही जेवला नाही, आजही नाही.

आज दुपारी सुनेनं बोलावलं म्हणून चिमी आली. दादानं मला जमिनीवर ठेवलंय. शेजारी नवीन कातडं गुंडाळून ठेवलंय आणि त्याच्या हातात कवळ्या कोरायचा चाकू आहे.

"थांब," चिमी म्हणाली आणि तिनं माझ्या फाटलेल्या कातडीवर तळवा ठेवला. "हे आजोबांनी बसवलेलं आहे. बाबांचा हात जन्मभर यावर पडला. संग्रहालयात एक बाई आहेत, त्या हे नीट जोडतील. वेळ लागेल, पण हेच राहील."

"जोडल्यावर वाजेल?"

चिमी चिरेवरून बोट फिरवत राहिली.

"वाजेल का, चिमे?"

"नाही. पण हे कापलंस तर बाबांचं काय उरणार आपल्याकडे?"

"बाबा उरतील. बघ जरा दाराकडे."

तिनं पाहिलं. म्हातारा गाठोड्यावर हात ठेवून बसला होता, ओठ सुकलेले, कपाळावरची खोक काळी पडलेली. तो तिला म्हणाला, "पोरी, तुझ्या आईला सांग, लवकर निघ. गाड्या येतील."

दादानं चाकूचं टोक माझ्या दोरीखाली घातलं. चिमी माझ्यावर वाकून रडत होती आणि तिची आसवं माझ्या चिरेतून आत पडत होती. मग तिनं माझ्यावरचा तळवा काढला आणि हात पुढे केला. "दे इकडे. तू दोरी कापशील. आधी गाठी सोडायच्या असतात."

आता ती गाठी सोडते आहे. दोन सुटल्या. मला जे बोलायचं ते एवढ्यातच बोलून घ्यायला हवं, कारण माझा आवाज या कातडीत आहे. ही उतरली की खाली उरेल ते पोकळ लाकूड, आणि त्यावर जे चढेल त्याला माझं काहीच आठवणार नाही. ना नदी, ना ती पिठाच्या हातांची बाई. त्या नव्या आवाजाला म्हातारा ओळखेल की नाही, कुणास ठाऊक. दादालाही ठाऊक नाही, तरी तो खाली बसून शेगडी पेटवतोय.

चिमे, घाई कर गं. माझ्यासाठी हळहळू नकोस, मला काचेत ठेवू नकोस, माझा तुकडासुद्धा जपून ठेवू नकोस. दोरी ताणून बांध, कातडं नीट शेक, आणि दिवेलागणीच्या आत याला तुझ्या भावाच्या गळ्यात घाल. दोन दिवस झाले. म्हातारा जेवला पाहिजे.